चहाच्या दुकानात कॉफी

आपल्याकडे दोन भाषांच्या घरात नव्या सुनेला पहिल्या आठवड्यात जो प्रश्न विचारला जातो तो भाषेचा नसतो. ‘तुमच्याकडे सकाळी काय, चहा की काफी?’ हा असतो. शिमोगा-मैसूरकडची असेल तर ती आपल्याबरोबर फिल्टर घेऊन येते आणि पहिल्या दिवसापासून ओट्याच्या एका कोपऱ्यावर तिचा हक्क लागतो. हुबळी-धारवाड-गोकाककडची असेल तर ती ‘चा आतेन्री?’ म्हणणारी, म्हणजे आपल्यासारखी चहावालीच. बाहेरच्या लोकांना वाटतं कन्नड म्हणजे कॉफी आणि मराठी म्हणजे चहा. तसं काही नाही हे आपल्याला ठाऊक आहे. कॉफी आपल्या भागात आली ती उडुपी हॉटेलांबरोबर, बदलीवर आलेल्या अधिकाऱ्यांबरोबर आणि सुनांबरोबर. माझ्या सासूबाई सागरच्या. आमच्या घरात गेली वीस वर्षं सकाळी दोन भांडी चढतात आणि त्यावरून कुणी भांडत नाही.

तर मंडळी, आज विषय आहे तो कॉफीच्या तिसऱ्या एका तऱ्हेचा. ही तऱ्हा जपानची. ती आता आपल्या शेजारच्या पेडणे तालुक्यात, मांद्रे-मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर पाहायला मिळते. काचेचं किंवा चिनी मातीचं एक नरसाळं, त्यात कागदाची पुडी, पुडीत कॉफीची भरड. चिमणीसारख्या बारीक चोचीची किटली घेऊन एक मुलगा त्यावर गोलगोल पाणी सोडतो. आधी थोडंसं, मग अर्धा मिनिट थांबतो. भरड फुगते. मग पुन्हा धार. पंधरा ग्रॅम कॉफीला साधारण पाव लिटर पाणी आणि एकूण तीन मिनिटं. खाली काळीभोर, पण गाळीव काढ्यासारखी पातळ कॉफी उतरते. दूध नाही, साखर नाही, आणि किंमत दोन-अडीचशे रुपये! आपल्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा एकच शब्द निघतो, ‘एवढे?’

या नरसाळ्याला ‘व्ही सिक्स्टी’ म्हणतात, कारण त्याचा कोन साठ अंशांचा. ते काढलं हारिओ नावाच्या जपानी कंपनीनं, २००५ च्या सुमारास. ही कंपनी १९२१ पासून प्रयोगशाळेतल्या काचेच्या वस्तू बनवत आलेली. म्हणजे आपल्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधलं नरसाळं आणि गाळणकागद स्वयंपाकघरात आला, इतकंच. आता सासूबाईंचा फिल्टर आठवा. वरच्या भांड्यात पूड, त्यावर उकळतं पाणी, आणि खालच्या भांड्यात थेंबथेंब उतरणारं डिकॉक्शन. तत्त्व तेच. फरक असा की आपण पाणी ओतून झाकण लावतो आणि पोळ्या लाटायला जातो. जपानी माणूस तिथंच उभा राहतो.

हे उभं राहणं कुठून आलं याची गोष्ट मोठी गमतीची आहे, आणि तिचा एक धागा गोव्यातून जातो.

जपानमध्ये जुन्या धाटणीच्या कॉफीच्या दुकानाला ‘किस्साटेन’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ चहा पिण्याचं दुकान! आत कॉफी विकतात, पाटी चहाची. गोव्यात नेमकं उलट. पणजीची काफे ताटो, काफे भोंसले ही शंभरी ओलांडलेली घरं घ्या. नाव पोर्तुगीज ‘काफे’, आणि आत मिळतो तो चहा, भाजी-पाव आणि मिरच्यांची भजी. आपण चोर्ल्याचा घाट उतरून साखळीला थांबतो तेही त्यासाठीच. तिथं कॉफी मागितली तर दुधात इन्स्टंट पावडर फेटून मिळते, आणि मागणाऱ्याकडे वेटर जरा आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहतो.

पोर्तुगीजांनी जपानला पाव दिला. गोव्याला दिला तसाच. पोर्तुगीज ‘पांव’चा आपण ‘पाव’ केला, जपान्यांनी ‘पान’ केला. तिथं रोज सकाळी लाखो माणसं पान खातात आणि कुणाचेही दात लाल होत नाहीत. तंबाखूचंही तसंच, आपली ‘तंबाखू’ आणि त्यांचा ‘ताबाको’ एकाच गलबतातून उतरले. ही ये-जा गोव्यातूनच होई. अंजिरो नावाचा जपानी माणूस १५४८ मध्ये गोव्याला आला, इथं पोर्तुगीज शिकला, ख्रिस्ती झाला, आणि पुढच्या वर्षी त्यालाच वाटाड्या करून फ्रान्सिस झेवियर गोव्याहून जपानला गेला. पण कॉफी त्या गलबतांवर नव्हती. पोर्तुगीजांनाच तेव्हा तिची सवय नव्हती. १६३९ मध्ये जपाननं पोर्तुगीजांना कायमचं हाकललं, आणि मागे राहिलेल्या डचांना १६४१ पासून नागासाकीजवळच्या देजिमा नावाच्या चिमुकल्या बेटावर कोंडून ठेवलं. कॉफी आली ती या डचांच्या कोठीतून. १८०४ मध्ये ओता नाम्पो नावाच्या लेखकानं एका डच जहाजावर ती चाखली आणि लिहून ठेवलं की ही करपट वासाची, तोंडात धरवत नाही. आमच्या वडिलांचंही मत याहून वेगळं नव्हतं.

पहिलं खरं कॉफीगृह तोक्योच्या उएनो भागात १८८८ मध्ये उघडलं. अमेरिकेत शिकून आलेल्या एका गृहस्थानं ते काढलं. वर्तमानपत्रं, पुस्तकं, बिलियर्ड, लिहायला टेबलं, सगळं होतं. गिऱ्हाईक नव्हतं. चार-एक वर्षांत ते बुडालं. नुसती जागा चांगली असून चालत नाही, लोकांना ती परवडावी लागते.

परवडणारी कॉफी आली ब्राझीलमुळे, आणि तीही माणसं देऊन. १९०८ मध्ये ‘कासातो मारू’ या जहाजातून ७८१ जपानी माणसं ब्राझीलच्या साओ पावलो प्रांतात कॉफीच्या मळ्यांवर मजुरीला गेली. ही गरीब शेतकरी कुटुंबं होती, थोडे पैसे साठवून परत यायच्या आशेनं निघालेली. बहुतेक परत आली नाहीत. त्यांना नेणाऱ्या मिझुनो र्यो या माणसाला त्या प्रांताच्या सरकारनं पुढची काही वर्षं फुकट कॉफी दिली, जपानमध्ये चटक लावण्यासाठी. त्या कॉफीवर १९११ मध्ये तोक्योच्या गिंझा पेठेत ‘काफे पाउलिस्ता’ उभं राहिलं. एक कप पाच सेन. विद्यार्थी, लेखक, कारकून सगळे जाऊन बसू लागले. जपानच्या कॉफीचा इतिहास कौतुकानं सांगताना लोक हे मळ्यावरचे मजूर पटकन ओलांडतात. आपल्याकडच्या मळ्यांचा इतिहास तरी कोण सांगतं म्हणा. बाबा बुडननं मक्केहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते, आणि त्या डोंगरावर पुढे कुणी खड्डे खणले ते कुणाला ठाऊक नसतं.

महायुद्धात कॉफी चैनीची आणि शत्रूच्या देशांची ठरली, आयात बंद झाली. जपानी लोक सोयाबीन, जव भाजून ते उकळून पिऊ लागले. आपल्याकडची धण्याची कॉफी आठवते ना? त्यातलाच प्रकार. युद्धानंतर १९५० मध्ये आयात पुन्हा सुरू झाली, १९६० मध्ये कच्च्या बियांवरची बंधनं उठली, आणि मग किस्साटेनांचं पीक आलं. १९८१ च्या सुमाराला जपानात अशी दीड लाखांहून अधिक दुकानं होती.

त्यातले प्रकार पाहिले की हे आपल्याच गल्लीतलं काहीतरी आहे असं वाटू लागतं. नागोयाजवळच्या इचिनोमिया गावात कापडाचे माग. मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येईना, म्हणून मालक लोक व्यापाऱ्याला घेऊन जवळच्या दुकानात जात. दुकानदार सकाळच्या कॉफीबरोबर शेंगदाणे आणि उकडलेलं अंडं फुकट देऊ लागला. आजही त्या भागात सकाळी कॉफीच्या पैशात टोस्ट-अंडं मिळतं. शहापूर, वडगाव, खासबागच्या विणकर वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दुसरा प्रकार जाझ संगीताच्या दुकानांचा. परदेशी तबकड्या सामान्य माणसाला विकत घेणं अशक्य, म्हणून एका कॉफीवर तासभर बसून दुकानदाराच्या तबकड्या ऐकायच्या. बोलायचं नाही. आपल्याकडे रेडिओसाठी लोक हॉटेलात बसत, पण गप्प बसत नसत.

आणि तिसरा प्रकार, ज्यातून आजचं नरसाळं आलं, तो दुकानाच्या ‘मास्टर’चा. दहा-बारा खुर्च्यांचं दुकान. एकच माणूस भाजतो, दळतो, गाळतो, कप धुतो, पैसे घेतो. कागदाच्या आधी फलाणीच्या कापडाची पिशवी असे, काही ठिकाणी अजून आहे. गिंझातल्या ‘काफे द लाम्ब्र’ या दुकानाचे सेकिगुची इचिरो यांनी १९४८ मध्ये दुकान काढलं आणि फक्त कॉफी विकली. बिया वर्षानुवर्षं मुरवून ठेवायच्या, मग भाजायच्या, हा त्यांचा छंद. २०१८ मध्ये ते १०३ व्या वर्षी वारले. शंभरीच्या घरात पोचल्यावरही ते दुकानात येत. आपल्याकडे असा माणूस साठीला ‘आता मुलगा बघतो’ म्हणून पारावर जाऊन बसला असता, आणि त्या आधी त्यानं मुलाला ‘तू नोकरी बघ’ असंच सांगितलेलं असतं.

इथं मला डिचोलीकडे वळायचं आहे.

डिचोली तालुक्याचं आणि जपानचं नातं कॉफीचं नव्हे, लोखंडाचं. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जपानला पोलाद हवं होतं आणि खनिज नव्हतं. १९५१ मध्ये जपानी कंपनीनं चौगुले कंपनीच्या शिरगावच्या खाणीसाठी यंत्रं-भांडवल दिलं, आणि ते खनिजातून फेडून घेतलं. युद्धानंतर जपाननं परदेशात खनिजासाठी केलेल्या अगदी पहिल्या गुंतवणुकींपैकी ही एक. त्या कंपनीचं नाव ‘कोकान’. आपल्या कोकणाशी त्याचा काही संबंध नाही, जपानी भाषेत त्याचा अर्थ पोलादी नळी. लईराईच्या जत्रेचं शिरगाव तोवर कुळागरांचं आणि शेतांचं गाव होतं. पुढची साठ वर्षं डिचोलीची माती बार्जांतून मांडवीनं मुरगावला जायची आणि तिथून जहाजानं जपानला. १९५५ नंतर भारत सरकारनं गोव्याची नाकेबंदी केली तेव्हाही हे थांबलं नाही. त्या पैशावर आलेला ‘फॉरेनचा’ माल घाटावर कसा चढायचा, याच्या कथा आपल्या सीमाभागातल्या प्रत्येक घरातल्या आजोबांकडे असतात. १९६९ मध्ये उएशिमा कंपनीनं दूध-साखर घातलेली कॉफी पत्र्याच्या डब्यात भरून विकायला काढली, आणि रेल्वे स्टेशनावर उभ्याउभ्या पिणाऱ्या जपान्यांनी ती उचलून धरली. त्या पत्र्यात थोडं डिचोलीचं लोखंड होतं की काय, असा एक खुळा विचार माझ्या मनात येतो.

खाणींच्या काळात डिचोलीच्या रस्त्यांवर चहाची हॉटेलं पहाटे चारला उघडत. ट्रकवाल्यांची रांग, लाल धूळ, काचेचे ग्लास, पाव-भाजी. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणकाम थांबलं, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. मध्ये थोडं सुरू झालं, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द होऊन पुन्हा सगळं ठप्प. ट्रक दारात उभे राहिले, काही बँकेनं नेले. चहाची हॉटेलं आधी दुपारी बंद होऊ लागली, मग कायमची. २०२४ मध्ये डिचोलीचा एक पट्टा पुन्हा सुरू झाला, पण मधल्या बारा वर्षांत एक पिढी वाढली आणि ती दुसरीकडे बघू लागली.

तिकडे पेडणे. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून विमानं उडू लागली आणि एकेकाळचा गोव्याचा हा मागास म्हणवला जाणारा तालुका एकदम दारात आला. किनाऱ्यावर काफे आधीपासून होते, आता ते आत, वाड्यांपर्यंत शिरले. जुनं कौलारू घर, पुढे आंबा, अंगणात टेबलं. घर पेडणेकराचं, धंदा दुसऱ्याचा. अकरा महिन्यांच्या करारावर भाडं घेऊन घरमालक मागच्या खोलीत राहतो किंवा म्हापशाला फ्लॅट घेतो. कॉफी मात्र बहुतेक आपलीच, चिकमगळूर किंवा कोडगूची. भारतातली सुमारे सत्तर टक्के कॉफी कर्नाटकात पिकते. ती घाट उतरून येते, दिल्ली-मुंबईचा माणूस ती जपानी नरसाळ्यातून गाळतो आणि पेडण्यातला मुलगा ती टेबलावर नेऊन ठेवतो. या साखळीत सगळ्यांत कमी कुणाला मिळतं याचा हिशेब करायला अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची गरज नाही.

माझा एक माजी विद्यार्थी डिचोली तालुक्यातला. वडिलांचे दोन टिप्पर होते, दोन्ही गेले. हा बी.ए. झाला आणि मांद्र्याच्या एका काफेत लागला. तीन हंगाम त्यानं तिथं काढले आणि भाजणं, दळणं, धार धरणं सगळं शिकला. मला फोनवर सांगत होता, ‘मॅडम, पाणी नव्वद डिग्रीच्या वर हवं, आणि दळण मिठाच्या खड्यापेक्षा जरा बारीक.’ इतिहासाच्या तासाला हा मुलगा एवढ्या तपशिलात कधी बोलला नव्हता. आता त्याला स्वतःचं दुकान काढायचं आहे. वडिलांचं म्हणणं, ‘बी.ए. शिकून च्या विकतलो?’ आईला भीती वेगळी, मुलगी कोण देईल.

हा प्रश्न आपल्या घरांतही आहे, म्हणून लिहिते. आपण हॉटेलवाल्याला ‘अण्णा’ म्हणतो, त्याची कॉफी वाखाणतो, पण आपल्या मुलानं गल्ल्यामागं बसावं असं आपल्याला वाटत नाही. बँकेत क्लार्क चालेल. ज्या उडुपीकरांनी आपल्याला कॉफी पाजली त्यांनी कपबशा विसळण्यापासून सुरुवात केली आणि त्यात त्यांच्या घरी कुणाला कमीपणा वाटला नाही. किस्साटेनचा मास्टर वेगळं काय करतो? तो स्वच्छ शर्ट घालतो, आणि आपण करतो ते काम आहे असं मानतो.

पण जपानचं सगळं गोड आहे असंही नाही, आणि हे मी त्या मुलाला स्पष्ट सांगितलं. दीड लाख दुकानांपैकी आता निम्मीसुद्धा उरलेली नाहीत. १९८० मध्ये दोतोर या साखळी-दुकानांनी स्वस्त कॉफी आणली, १९९६ मध्ये अमेरिकेची स्टारबक्स गिंझात उतरली, आणि २०१३ मध्ये सेव्हन-इलेव्हनच्या कोपऱ्यावरच्या दुकानांनी शंभर येनमध्ये मशीनची ताजी कॉफी द्यायला सुरुवात केली. त्यापुढे दहा खुर्च्यांचं दुकान कसं टिकणार? शिवाय मास्टर म्हातारे झाले आणि मुलांना ते काम नको. एका माणसाच्या हातावर चालणारं दुकान त्या हाताबरोबर बंद होतं. जगभरचे तरुण जपान्यांची नक्कल करत असताना खुद्द जपानमध्ये पाट्या उतरत आहेत.

त्यानं ते ऐकून घेतलं. मग त्याचा हिशेब मला सांगितला. मांद्र्यात जागेचं भाडं परवडत नाही आणि पावसाळ्याचे चार महिने तिथं चिटपाखरू नसतं. म्हणून त्यानं डिचोलीच्या बाजारात, बंद पडलेल्या एका चहाच्या हॉटेलाची जागा बघितली आहे. बाराही महिने तिथं गावचीच माणसं. नरसाळ्याची कॉफी ऐंशी रुपयांना देता येईल असा त्याचा अंदाज आहे, पण दिवसाला ती पंधरा कपांपेक्षा जास्त जाणार नाही हेही त्याला माहीत आहे. बाकीचा खर्च चहा-पाव-भाजीनं काढायचा. मी त्याला सासूबाईंच्या फिल्टरची कॉफीही ठेव म्हटलं. दूध घातलेली, चिकोरी असलेली, गोड. आपल्या सरकारी नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी निम्म्याहून अधिक असावी लागते, तेवढं पूड घेताना पाकिटावर बघून घे, एवढी सूचनाही केली. चोर्ल्यावरून येणाऱ्या आपल्या लोकांना ती हवीच असते.

जागेचा करार किती वर्षांचा करायचा यावर अजून अडलंय. मालक अकरा महिने म्हणतो, मुलगा पाच वर्षं मागतोय. भाडं थोडं जास्त द्यायला तो तयार आहे. वडिलांनी परवा पहिल्यांदा त्या विषयात तोंड घातलं, ते मालकाशी बोलायला. जुन्या ओळखीचा माणूस, टिप्परच्या दिवसांत ते रोज पहाटे त्याच्याकडेच चहा पीत.